खोपीचं तोंड उगवतीला

आमी मूळचे वारूळवाडीचेच. वडील गेल्यावर शेत माझं अन् धाकट्या भावाचं, दत्तूचं, पण तो पुण्याला कंपनीत, रविवारपुरता यायचा, त्याची बायको सुमन इथंच. नव्वदच्या पुढची सालं असतील, दत्तूनं बांधावर हापूसची कलमं लावली, लेकरागत जपायचा. काय सांगू तुम्हाला, पौषात आमच्याकडं थंडी लई, गवतावर दंव गोठतं. मोठ्या झाडाचं काय न्हाई, मुळी खोल, साल जाड, ते गप बसून थंडी काढतं. कोवळ्या कलमाला मात्र सरमाडाची खोप लागती, सरमाड म्हंजे बाजरीची वाळली ताटं. तिन्ही बाजूंनी झाकायचं, तोंड उगवतीला ठेवायचं, सकाळचं ऊन आत जाया पायजे.

दत्तू सांगून गेला, दादा, एवढ्या खोपी करा. मी सरमाड बैलांना घातलं, म्हटलं करू दोन दिसांनी. थंडी थांबती व्हय? कलमं करपली, पानं काळी पडली. दत्तू आला अन् माझ्या तोंडून निघून गेलं, तुझ्या बायकोला सांगितलं व्हतं मी, तिनं केल्या न्हाईत. सुमन चुलीपाशी व्हती. पदर पुढं ओढला अन् भाकरी थापत राहिली.

दत्तूनं रागानं कलमं उपटली, शेवटच्या कलमापाशी सुमन आडवी आली. नखानं साल खरवडली, म्हणाली, बघा, आत हिरवं हाये. मग जुन्या लुगड्याची खोप केली. शिमग्याला तांबूस पालवी फुटली. आता त्याच झाडाखाली आमी बसतो, अन् इतकी सालं दत्तू पावण्यांपुढं हसायचा, राव, आमच्या हिच्या हाताला झाड लागत न्हाई, हे एक चुकून राहिलं.

तो हसला की मी उठून गोठ्यात जायचो. ह्या थंडीत सुमनला म्हटलं, बाई, दत्तूला खरं सांगतो. ती म्हणाली, दादा, तुमच्या गव्हाणीत सरमाड मी तवाच पाह्यलं व्हतं. मग बोलली का न्हाईस गं? तर म्हणती, कलमं गेली ती गेली, भावाभावात कशाला बिघडवू.

काल दत्तूला सांगितलं. त्यानं माझ्याकडं न बघताच हातातला चहा खाली ठेवला. मग उठला. सुमन अंगणात नव्या कलमाला खोप करत व्हती, त्यानं जाऊन सरमाड धरलं. ती म्हणाली, तिकडून नगं, तोंड उगवतीला. अन् नीट धरा, तुमच्या हाताला तरी झाड लागतंय का बघू.

हसली दोघं. तसंच हसू राहू दे त्यांचं, देवा.