तेलेस्फोर सावकाराने गिळलेला नकार

मंडळी, ऐका! चहाचे कप खाली ठेवा, फोन खिशात घाला, आणि ज्यांना पेंग येतेय त्यांनी खांबाला टेकून घ्या — माझी हरकत नाही! देवाला नमस्कार झाला, तुम्हाला झाला, गुरूंना घरूनच करून निघाले. आता मला एक सांगा. माणसानं आपला आवाज दुसऱ्याला देऊन टाकला, की त्याच्यापाशी काय उरतं?

बोला की! ...

गप्प? हेच! हेच उरतं बघा!

पेटीवाले हसताहेत. हसा, हसा. पण मी आज हसवायला उभी नाही. आज मला राग आलाय. कुणाचा, ते मागाहून सांगते. सगळ्यांना मिळेल, काळजी करू नका!

आख्यान पुराणातलं नाही. समुद्रापलीकडे कॅनडा म्हणून देश आहे — इथल्या कुणाकुणाची पोरं तिकडे आहेत, आईला फोनवर बर्फ दाखवतात! त्या देशात एक भली मोठी नदी, आणि नदीकाठी फ्रेंच बोलणाऱ्यांची गावं. राज्य कुणाचं? इंग्रजाचं! अहो, तो कुठं नव्हता? पावणेदोनशे वर्षांमागची गोष्ट. गावाचं नाव पोर्तोसोल. नकाशात शोधायला जाऊ नका. गाव मी रचलंय, माणसंही मीच रचलीत. खोटा मात्र त्यात एकही माणूस नाही.

तर या गावात एक फेरीवाला आला. पाठीवर गाठोडं — सुया, दोरे, मीठ, दिव्याचं तेल. नाव काय? तेलेस्फोर! आता नावातच तेल, तो दुसरं काय विकणार? (तबलजी, एवढ्यावर एक थाप द्यायला काय होतं?) माणूस गोड हो! दारात आला की म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी करणार, वासराला कुरवाळणार. आणि बोलणार कशात? गावच्या भाषेत! सरकारी अधिकारी सगळे इंग्रजी झाडायचे, कागद इंग्रजी, दरडावणं इंग्रजी. हा एकटा 'आपला'!

आपला! मंडळी, या शब्दाइतकं माणसाला कशानं फसवलं नसेल. तो आपल्यासारखं बोलतो, आपल्यासारखं जेवतो, मग तो आपला. अहो, पोपटसुद्धा आपल्यासारखं बोलतो! त्याला कुणी तिजोरीची किल्ली देतं का?

गाठोड्याचं दुकान झालं. दुकानाची पेढी झाली, पेढीची बँक झाली. तेलेस्फोर सावकाराची उंच टोपी आली, मग टोपी ठेवायला चाकर आला. आणि बँक झाली की माणसाला पुढची खाज कसली सुटते? — बरोब्बर! निवडणुकीची!

त्या वेळचं मतदान कसं, ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट तिथं आहे. चिठ्ठी नाही, बटण नाही. चर्चसमोर लाकडी मंच उभारायचे. वर कारकून बसायचा. मतदारानं पायऱ्या चढून वर जायचं आणि सगळ्या गावादेखत मोठ्यानं नाव सांगायचं. आणि त्यांच्या भाषेत मताला शब्द काय आहे? 'व्वा'! खरंच! आवाजालाही व्वा, मतालाही व्वा, शब्द एकच. कारकून विचारायचा, "तुमचा व्वा कुणाला?" म्हणजे तुमचा आवाज कुणाला? केवढं शहाणपण आहे बघा त्या एका शब्दात! आपण काय म्हणतो? मत 'टाकलं'. टाकलं! केर टाकावा तसं!

गावात उर्सूल नावाची एक विधवा होती. घर तिच्या नावावर, म्हणून तिलाही मत होतं. (बायांनो, तेव्हा होतं! पुढं तिथल्या शहाण्यांनी तेही काढून घेतलं. शहाणे सगळीकडे असतात!) उर्सूलचं सगळं पोट दोन गाईंवर. त्यातली तांबडी मोठी मानी. नदीकाठी गावाचं गायरान होतं, पिढ्यान्पिढ्या सगळ्यांचं, एकाच्या बापाचं नाही. तिथं गाई चरायच्या, उर्सूल लोणी काढायची, बाजारात नेऊन विकायची. गायरान आहे तर गाई, गाई आहेत तर उर्सूल!

आणि त्या गायरानावर एका लाकूड कंपनीचा डोळा. ओंडके नदीत सोडायला काठ हवा होता त्यांना.

तेलेस्फोर मंचावर उभा राहिला, टोपी काढली, छातीवर हात ठेवला. "माझ्या भावांनो! मला तुमचा आवाज द्या. मी राजधानीत तुमच्यासाठी बोलेन. गायरानाला कुणी हात लावला तर हा तेलेस्फोर उभा राहील!" टाळ्या! टोप्या उडाल्या! उर्सूल सगळ्यांच्या आधी पायऱ्या चढली आणि म्हणाली, "माझा व्वा तेलेस्फोरला!" गाव म्हणालं, व्वा! व्वा!

वा वा करायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, मंडळी. तिथं आपण सगळे पंडित!

गडी निवडून आला, राजधानीला गेला. इकडे चर्चच्या दारावर कागद लागला — गायरान कंपनीला देण्याचा विचार आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावी. लोक येता-जाता वाचायचे आणि म्हणायचे, "आपला तेलेस्फोर आहे ना तिथं! आपण कशाला डोकं शिणवायचं?" उर्सूलसुद्धा हेच म्हणाली. लोण्याची टोपली घेऊन रोज त्या कागदासमोरून जायची!

आणि राजधानीत काय झालं? सभेच्या आदल्या संध्याकाळी कंपनीचा माणूस सावकाराच्या बिऱ्हाडी आला. लाच दिली? छे! धमकी दिली? मुळीच नाही. बसला, पाय लांब केले आणि म्हणाला, "तुमच्या बँकेची सनद पुन्हा मंजूर व्हायचीय ना? होईल. तुम्ही आमच्या बाजूनं बोलू नका. खोटं तर बोलूच नका, तुम्ही सज्जन माणूस! उद्या फक्त बसून राहा."

फक्त बसून राहा!! ऐकलंत? चोरी कर म्हटलं असतं तर तेलेस्फोर चिडला असता. खून कर म्हटलं असतं तर हाकलून दिलं असतं. पण बसून राहायला काय लागतं? बसणं म्हणजे पाप थोडंच!

दुसऱ्या दिवशी अध्यक्षानं विचारलं, "कुणाची हरकत?" तेलेस्फोरनं टोपीवरची धूळ झटकली. अध्यक्षानं पुन्हा विचारलं, "हरकत?" तेलेस्फोर खिडकीबाहेर बघत होता. "मंजूर!" संपलं! गायरान गेलं!

अशा वेळी मला माझीच ओळ गावीशी वाटते, पेटीवाले, सूर द्या —

*मुखी होता शब्द, घोटाने गिळिला ।*
*गाव बुडविला, न बोलता ॥*

गावात खांब आले. कुंपण आलं. तांबडी रोजच्या वाटेनं गेली आणि कुंपणाशी उभी राहून हंबरायला लागली. जनावराला काय सांगणार? मंजूर झालंय म्हणून?

उर्सूल तडक बँकेत गेली. सावकार सुट्टीला आलेला. "तेलेस्फोरभाऊ, तुम्ही तिथं बोललात का नाही?"

"उर्सूलबाई, तिथलं कामकाज असतं इंग्रजीत. फार गुंतागुंतीचं असतं ते. तुम्हाला कळायचं नाही."

"बरं. 'नाही'ला इंग्रजीत काय म्हणतात?"

"नो."

"आणि आपल्या भाषेत म्हणतात 'नों'. नाकातल्या वाऱ्याएवढा फरक! तेवढंही तोंडातून निघालं नाही तुमच्या?"

सावकार लाल झाला. "बाई, मी गावाविरुद्ध एक शब्द बोललेलो नाही! विचारा कुणालाही!"

आणि खरं होतं हो ते! एक शब्द बोलला नव्हता! हाच तर माझा संताप आहे! खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं. न बोलणाऱ्याला कुठं धरायचं?

पुन्हा निवडणूक आली. पुन्हा मंच, पुन्हा छातीवर हात. विरुद्ध उभा कोण, तर गावचा लोहार, नावापुरता. उर्सूल पायऱ्या चढली. कारकून म्हणाला, "बाई, तुमचा व्वा कुणाला?"

ती म्हणाली, "माझ्यापाशी नाही."

"म्हणजे?"

"मागच्या खेपेला या गृहस्थांपाशी ठेवला होता. त्यांनी वापरलेलाच नाही. म्हणजे त्यांच्याजवळच असणार! बँकवाले आहेत ना? ठेव परत करा म्हणावं. मग बघते कुणाला द्यायचा ते."

मग मागून म्हातारा पिंपवाला ओरडला, "माझाही त्याच्यापाशीच आहे!" "माझाही!" "माझाही द्या!" लोक पुढं सरकायला लागले. मंडळी, सावकार कशाला भितो? देवाला? नाही. सरकारला? नाही. सगळे ठेवीदार एकदम दारात येण्याला! तेलेस्फोर दोन पावलं मागं सरला. "देतो! देतो! पण परत करू तरी कसा?"

उर्सूल म्हणाली, "तिथं म्हणायचं होतं ते इथं म्हणा. गायरान द्यायचं का? नों! म्हणा!"

तेलेस्फोरनं तोंड उघडलं. आणि उघडल्यावर — काय केलं असेल? मंचाच्या कडेला कंपनीचा माणूस उभा होता, त्याच्याकडे एकदा बघितलं. नुसतं बघितलं! परवानगी मागितल्यासारखं! साऱ्या गावानं ते बघणं बघितलं. त्यानं तोंड मिटलं.

उर्सूल वळली. "राहू द्या. बुडाली माझी ठेव. नवीन आवाज काढते." आणि एवढ्या मोठ्यानं लोहाराचं नाव घेतलं की पल्याडच्या काठावर ऐकू गेलं असेल! लोहार निवडून आला.

आणि गायरान? परत मिळालं का? तुम्हाला वाटतं मिळालं असेल. आख्यानात मिळतं! नाही मिळालं! लोहार राजधानीत घसा फुटेस्तोवर भांडला. त्याला दप्तर दाखवलं — "विचारलं तेव्हा हरकत नव्हती. गावाचीही नव्हती." उर्सूलनं तांबडी विकली. विकताना म्हणाली, "त्यानं एक दिवस तोंड शिवलं. मी कागदासमोरून रोज गेले, रोज शिवलं." तेलेस्फोर सुखानं म्हातारा झाला आणि गादीवर मेला. जिभेत किडे पडले म्हणून सांगू? मी खोटं सांगत नाही!

आता सांगते राग कुणाचा. आज दुपारी तुमच्या गावात शिरताना तलावाखालचं तुमचं गायरान बघितलं. नवे खांब रोवलेत. गोदाम होणार म्हणे! पंचायतीच्या फळ्यावर कागद लागलाय, धूळ बसलीय त्याच्यावर. मी चार जणांना विचारलं. चौघं म्हणाले, "ताई, आपण निवडून दिलेले भाऊसाहेब आहेत ना, ते बघून घेतील." बघून घेतील! तेलेस्फोर काय कमी बघत होता? खिडकीबाहेर बघत होता!

भाऊसाहेब पुढंच बसलेत. हार त्यांनीच घातला मला. भाऊसाहेब, तुमच्यावर रागवायला मी आलेली नाही, तुमचं तुम्ही जाणा. माझा राग या मंडळींवर आहे! उद्या सकाळी ग्रामसभा. सरपंच विचारतील, "कुणाची हरकत?" आणि तुम्ही सतरंजीचे दोरे उपसत बसाल! मग देवळात येऊन माझ्यापुढं टाळ्या पिटाल! त्या टाळ्या नकोत मला!

आज शेवटचा गजर वेगळा होईल. देव रागावणार नाही, त्याला गाई आवडतात. तबलजी, ठेका धरा. माझ्यामागं म्हणायचं, दोनच शब्द आहेत — हरकत आहे!

...एवढंच? बायांनो, पदर तोंडावरून काढा. हरकत आहे!

मागचे! खांबाला टेकलेले! उठा! हरकत आहे!

भाऊसाहेब, तुम्हीपण. सगळे थांबलेत. म्हणा.