रानातली की लावलेली

(कोयजेइज तळ्याजवळची पाणथळ. दलदलीत वाढणाऱ्या सीला नावाच्या झाडांत भाऊ-बहीण उभे आहेत. नेवझात गावचा मुख्तार म्हणजे सरपंच, गुल्तेन विद्यापीठात वनस्पतिसंग्रह सांभाळणारी.)

नेवझात: गाडीची किल्ली माझ्या खिशात आहे. आधी त्या फांदीची चिठ्ठी बदल.

गुल्तेन: दादा, किल्ली दे. फांदी वेळेत कागदात दाबली नाही तर पानं काळी पडतील.

नेवझात: पडू देत. तुमच्या कपाटांत फांद्यांना काय तोटा आहे?

गुल्तेन: या ओढ्याकाठची एकही नाही.

नेवझात: मग ने की, नको कोण म्हणतंय? फक्त ‘रानात आपोआप उगवलेलं’ खोडून तिथे ‘लावलेलं’ लिही. एवढ्याने तुझं काय बिघडतंय?

गुल्तेन: एवढ्यासाठीच तर वाट अडवून उभा आहेस.

नेवझात: आहे उभा! रानातलं म्हटलं की वनखातं इथे कुऱ्हाड लावू देणार नाही. मग दवाखान्याकडे जाणारा नवा रस्ता गेलाच म्हणून समज.

गुल्तेन: बरं, कोणी लावली ही झाडं?

नेवझात: लिही आजोबांचं नाव.

गुल्तेन: ही जुनाट खोडं, ती मधली, आणि तुझ्या बुटाशी चिखलातून वर आलेलं हे रोप... सगळं आजोबांनी?

नेवझात: थट्टा नको, गुल्तेन. ओढा चढला तेव्हा तू इझमीरला होतीस. तुझी वहिनी, सेव्हिम, ट्रॅक्टरवर कळा देत होती आणि मी पाण्याकडे बघत बसलो होतो. दवाखाना पलीकडे, आम्ही अलीकडे. पोरगी जन्मली तशी ट्रॅक्टरवरच गेली.

गुल्तेन: माहीत आहे मला.

नेवझात: तुला फोनवर कळलं. माहीत मला आहे.

गुल्तेन: रस्ता नको असं मी कधी म्हटलं? पण इथून नेलास तर दर हिवाळ्यात बुडेल. पाणी साचतं म्हणून तर ही झाडं इथे आहेत.

नेवझात: मग काय हवेतून नेऊ?

गुल्तेन: वरून. इंजिनियरने त्या पुराआधीच वरची वाट दाखवली होती. तू नाही म्हणालास.

नेवझात: तुला कोणी सांगितलं?

गुल्तेन: त्यानेच.

नेवझात: वर आपली संत्र्यांची बाग आहे! बाबांनी डोंगरावरून माती वाहून आणली होती, विसरलीस? त्यावरून डांबर फिरवू?

गुल्तेन: खालच्या अंगाने फिरव. तो वाटा माझा आहे.

नेवझात: वेडी आहेस का? नोकरी सुटली तर काय खाशील? ही पानं?

गुल्तेन: तुझ्या दारात येऊन बसेन. हाकलशील?

(नेवझात खिशातली किल्ली चाचपतो.)

गुल्तेन: खोटं मला लिहिता येणार नाही, दादा. वाटा देता येईल. उद्याच इंजिनियरला बोलाव, सही करते.

नेवझात: मी बागच वाचवत बसलो होतो गं. सेव्हिमला तोंड दाखवताना रोज तेच मनात येतं.

गुल्तेन: किल्ली दे.

नेवझात: घे. थांब, फांदी मी धरतो. चिखलात घसरशील.

गुल्तेन: पानं दुमडू देऊ नकोस.

नेवझात: नाही दुमडत. आईला बागेचं कोण सांगणार?

गुल्तेन: आईला नंतर. आधी सेव्हिमला.