मॉनमथची लढाई, पळसदरी

जयवंता : …आणि रेडिओवाला म्हणाला, अमेरिकेला स्वतंत्र होऊन आज दोनशे वर्षं झाली. म्हटलं, आज रविवार हाय, शाळा नाय. चौकच्या नाक्यावर येष्टी पकडली नि थेट तुमच्याकडं कर्जतला आले.

गुरुजी : बरं केलंस. पळसदरीची शाळा सोडून मला बारा वर्षं झाली. कोणी येत नाही गं आता. तू शिकवतेस का हा धडा?

जयवंता : दर वर्षी. बॉस्टनचा चहा समुद्रात टाकला म्हटलं की पोरं हसतात. पण तुमी सांगायचा तसा मला सांगता येत नाय. व्हॅली फोर्जच्या थंडीत सैनिकांच्या पायांत जोडे नव्हते, बर्फावर रक्ताचे ठसे उठले. तुमी हे सांगितलं आणि आख्खा वर्ग आपल्याच पायांकडं बघायला लागला. एकाच्याबी पायात वहाण नव्हती.

गुरुजी : (हसून) तेव्हाच ठरवलं, ही लढाई फळ्यावर नाही, माळावर शिकवायची.

जयवंता : छप्पनचा मार्च. धरणाखालचा माळ. अर्धी पोरं लाल मुंडासं बांधून इंग्रज, अर्धी वॉशिंग्टनची. पत्र्याच्या नळीची तोफ नि ढेकळांचे गोळे. मुली मात्र झाडाखाली बसून बघायच्या.

गुरुजी : आणि तू उठून विचारलंस, गुरुजी, त्या लढाईत एकपण बाई नव्हती का?

जयवंता : तुमी लगेच मॉलीची गोष्ट सांगितली.

गुरुजी : खरं किती, खोटं किती, कोण जाणे. पण तिकडचे लोक सांगत आलेत. मॉनमथच्या लढाईत ऊन असं, की गोळीनं पडली तितकीच माणसं उन्हानं पडली. मॉली तोफेवाल्यांना पाणी देत फिरत होती. तोफेवरचा तिचा नवरा पडला, तेव्हा तिनं त्याच्या हातातला तोफ ठासायचा दांडा घेतला नि तोफ चालू ठेवली.

जयवंता : मला कळशी दिलीत. माझा तोफेवाला गजा. त्यानं पडायचं सोंग करायचं होतं, तर बेटा खरंच भोवळ येऊन पडला! मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, सावलीत ओढला, दांडा घेतला आणि ओरडत सुटले, धडाम! धडाम!

गुरुजी : खाचरापर्यंत ऐकू गेलं. तुझ्या वडिलांपर्यंत.

जयवंता : अण्णा दंडाला धरून घरी घेऊन गेले. म्हणाले, पोरांत उभी राहून ओरडत होती, आता शाळा बंद. दप्तर माळ्यावर टाकलं. सातवीच्या परीक्षेला महिना होता, गुरुजी. खालापूरकडच्या एका स्थळाला निरोपसुद्धा गेला.

गुरुजी : चूक माझी होती. तुझ्या घरी विचारायला हवं होतं.

जयवंता : पण तुमीच सोडवलंत ना! चार दिवस रोज आमच्या अंगणात येऊन उभे राहिलात. मला आत डांबलं होतं, पण खोकला ऐकू यायचा तुमचा. पाचव्या दिवशी अण्णा म्हणाले, जा शाळेत. मी माझ्या वर्गात दर वर्षी सांगते, माझ्या गुरुजींनी अण्णांना पटवलं म्हणून मी आज शाळेत बाई झाले.

गुरुजी : तसं सांगू नकोस.

जयवंता : का?

गुरुजी : मी नाही पटवलं. चौथ्या दिवशी तुझे वडील मालोजी मला म्हणाले, मास्तर, तुमची अमेरिका तुमच्यापाशी ठेवा. मी निघालो होतो. तेवढ्यात तुझी आई आली. डोक्यावर गवताचा भारा.

जयवंता : आई?

गुरुजी : भारा न उतरवताच तिनं विचारलं, पोरगी तिथं काय करत होती? मी मॉलीची गोष्ट सांगितली. सगळी ऐकली. मग मालोजींना म्हणाली, लग्न झाल्यापासनं मी तुमच्या खाचरावर पाणी नेते. गड्यांनाबी पाजते. तवा कुणाची इज्जत नाय गेली, ती आज कशी गेली?

जयवंता : आई अण्णांच्या समोर बोलली? डोईवरचा पदर पडू दिला नाय कधी तिनं.

गुरुजी : आवाजसुद्धा चढवला नाही. मालोजी उठून गोठ्यात गेले. तिनं भारा टाकला, शिडी लावली आणि माळ्यावरनं दप्तर काढलं.

जयवंता : वीस वर्षं झाली, गुरुजी. मला का नाय सांगितलंत?

गुरुजी : तिनं शब्द घेतला होता. म्हणाली, घरधन्यानंच हो म्हटलं असं पोरीला कळू द्या. त्यांचा मान राहू द्या.

जयवंता : दोघंबी गेली आता. आई जाऊन दोन वर्षं झाली. मला नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन पहिली तुमच्याकडं आले. तिच्या हातावर पेढा नंतर ठेवला.

गुरुजी : तिला त्याचं वाईट नसेल वाटलं.

जयवंता : मला वाटतंय ना. आणखी काय बोलली हो ती?

गुरुजी : अंगणाच्या कडेपर्यंत आली माझ्याबरोबर. तिथं हळूच विचारलं, ती तोफेवाली बाई, तिला लिहिता-वाचता येत होतं का?

जयवंता : मग? तुमी काय सांगितलं?

गुरुजी : खरं तेच. म्हटलं, बहुतेक नसावं.

जयवंता : आणि आई?

गुरुजी : म्हणाली, आमच्या पोरीला येऊ द्या.