हॉलंडच्या साहेबांची मेल

—नाही हो दादा, रेंजचं काही नाही, ते मी आधीच बघितलं. टॉवर इथून दिसतो, बाजार समितीच्या मागं. आणि मोबाईलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या असतात. तुम्ही नाशिकहून पिंपळगावपर्यंत आलात, आधी बसा — ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. तर सिम काढून परत घालून झालं. आतले मेसेज पुसून झाले — त्यात मोजकेच मावतात, भरलं की नवा आत येत नाही, तेवढं मला कळतं. कंपनीला फोन झाला. ते म्हणतात, मॅडम, आमच्याकडून सगळं क्लिअर आहे. सगळ्यांकडूनच क्लिअर! मग बिघाड कुठंय? माझ्यात?

म्हणजे कसंय बघा — आमचं हे द्राक्षाचं पॅकहाउस, माल जातो हॉलंडला. तिकडच्या साहेबांची मेल ह्या कंप्युटरवर येते, आणि आली रे आली की तीच माझ्या मोबाईलवर मेसेज होऊन येते. तुमच्याच दुकानातून करून घेतलं होतं, तेव्हा दुसरे कुणी आले होते. मी काय दिवसभर ह्या टेबलाशी बसलेली नसते ना. तिकडं बागेत तोडा चालू, इकडं बायका घड साफ करतायत, घरी सासूबाईंचं पथ्य. मोबाईलच्या आधी पेजर होता. अहो, त्याची तर मजाच — कोल्ड स्टोरेजच्या भिंती ह्या एवढ्या जाड, आत गेलं की पेजर मुका. मग मी तो बाहेर कडुनिंबाला टांगून ठेवायचे आणि तानुबाईला सांगायचे लक्ष ठेव. तानुबाई म्हणजे आमच्या बायकांची मुकादम. तो वाजला की ती तिथूनच बोंब मारायची — वैनी, हॉलंड वाजलं हो! अख्ख्या पॅकहाउसला कळायचं. आणि त्या पेजरवर येणार किती? दोन ओळी. साहेब म्हणजे अतिशय सभ्य माणूस — आधी नमस्कार, मग हवापाणी, मग घरचे कसे आहेत — एवढ्यातच जागा संपायची, आणि कंटेनर कधी पाहिजे ते राहायचं पलीकडं. शेवटी मीच लिहिलं त्यांना, साहेब, कामाचं आधी लिहा, बाकीचं मागून. तेव्हापासून तसंच लिहितात. मोबाईल आला तरी तसंच. गुणी माणूस.

मी लिहिलं म्हणजे — लिहिते मी, नाव ह्यांचं. मालकांचं. सुरुवातीला हे म्हणाले, बाई लिहिते म्हटल्यावर परदेशातला माणूस काय म्हणेल? मी म्हटलं, असेल बाबा, तिकडची पद्धत आपल्याला कुठं ठाऊक. ह्यांना इंग्रजी येत नाही असं नाही हां! समजतं. बोलायचं म्हटलं की जरा — आणि लिहायचं म्हणजे — जाऊ द्या. मी बीए आहे, इंग्रजी घेऊन. लग्नानंतर ते कशाला उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. आता तीन हंगाम झाले, एक पत्र दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही. साहेबांच्या आईचा गुडघा दुखतो — मी दर पत्राच्या शेवटी विचारते. हळद घालून दूध द्या म्हणून कळवलं होतं, देतात म्हणे. हसू नका, खरंच देतात.

तर संक्रांत झाली आणि सगळं बंद. मोबाईल मुका. बरं, मोबाईलवर नाही तर कंप्युटरवर तरी असावी? तिथंही नाही. उघडून बघावं तर रिकामं. ऐन हंगाम, माल आत येऊन पडलाय, आणि साहेबांचा एक शब्द नाही. मला वाटलं, रागावले. रोज माझं शेवटचं पत्र काढायचे आणि वाचायचे — कुठं काही वाकडा शब्द गेला का? गुडघ्याचं विचारलेलं आवडलं नसेल का? जेवण जाईना हो मला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, नेटवर्क असेल. हर्षलला विचारलं — हर्षल माझा धाकटा भाऊ, इथंच ऑफिसात असतो, मीच आणला त्याला विंचूरहून — तर तो म्हणतो, ताई, तू नको डोकं शिणवू, मी बघतो. म्हटलं, बघेल. काल शेवटी राहवेना, म्हणून चौफुलीवरच्या सायबर कॅफेत गेले आणि आपल्याच पत्त्यावर मेल टाकली. इथं येऊन उघडते तर नाही. आता ही तर हॉलंडची नव्हती ना? ही तर माझीच! गेली कुठं? तेव्हा तुम्हाला फोन केला. ह्यांना काही बोलले नाही. हे आणि हर्षल, दोघं आज मुंबईला गेलेत, पोर्टावर कंटेनरचं काहीतरी अडलंय म्हणे.

हो, सेटिंग मला उघडता आलं असतं. पण नाही उघडलं. मागं एकदा हात लावला तर काय झालं — नणंदेच्या मुलीचं लग्न होतं सटाण्याला. मी हौसेनं लावून ठेवलं की, मेल आली की आपोआप उत्तर जावं, आम्ही बाहेरगावी आहोत. आणि ह्यांचा दुसरा एक मेलचा पत्ता होता, त्यावरही तेच लावलं. आता हा त्याला सांगतोय आम्ही बाहेरगावी, तो ह्याला सांगतोय आम्हीपण बाहेरगावी, आणि दोघांचं प्रत्येक बोलणं माझ्या मोबाईलवर! मंगलाष्टकं चालू आणि माझ्या कमरेला नुसती थरथर. डबा भरून गेला, साहेबांच्या मेल परत गेल्या. तेव्हा ह्यांनी जी खरडपट्टी काढली — त्या दिवसापासून सेटिंगला हात लावणार नाही असं मी कबूल केलं. मी कबूल केलेलं पाळते.

पासवर्ड? व्हा जरा बाजूला, मी टाकते. — नाही, तुमच्यावर विश्वास आहे हो, तसं नाही. ते तोंडानं सांगता येत नाही. म्हणजे — ह्यांचं नाव आहे. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आमच्या सासूबाईंसमोर नाव घेण्याची सोय नाही, आणि मग सवयच लागली. मी विचार केला, जे नाव माझ्या तोंडून कधी बाहेर पडत नाही, ते कुणाला कळणार? झालं, उघडलं. आता बघा तुम्ही.

काय? — म्हणजे चालू आहे? बंद पडलेलं नाही? मग माझ्याकडं का — कुठं जातंय म्हणता? दोन पत्ते? एक ह्यांचा तो दुसरा मेलचा, आणि एक मोबाईलचा नंबर? आणि ही खूण कसली काढलीय? — प्रत इथं ठेवायची नाही. अच्छा. म्हणजे मेल इथं येते, तशीच पुढं जाते, आणि इथलं पुसून टाकते. म्हणून रिकामं. मी रोज रिकामा डबा उघडून — सरका जरा, तो नंबर वाचू द्या. चष्मा कुठं ठेवला — असू द्या, दिसतंय.

हर्षलचा आहे.

असं आपोआप नाही ना होत, दादा? लाइट गेली, व्होल्टेज कमी-जास्त झालं, असं काही? — नाही होत. हां. कुणीतरी आत जाऊन, जुना नंबर पुसून, हा टाकावा लागतो. बरोबर. तो नंबर मला पाठ आहे, कार्ड मीच घेऊन दिलंय त्याला, भाऊबीजेला. भाऊबीजेला भाऊ बहिणीला देतो, आमच्याकडं उलटं — म्हटलं, नवीन नोकरी आहे पोराची, असू द्या. आणि पासवर्ड त्याला कुणी सांगितला? कुणी सांगायला कशाला पाहिजे! बाहेर पाटीवर आहे ते नाव, ट्रॅक्टरवर आहे, द्राक्षाच्या प्रत्येक पेटीवर छापलंय. गावाला माहीत असलेलं नाव, फक्त माझ्या तोंडून निघत नाही, तेवढ्यावर मी कुलूप लावून बसले. काय म्हणावं मला!

थांबा, बंद नका करू. इथं पाठवलेल्या मेल असतात ना, त्या उघडा. उघडा म्हणते ना. — ही बघा. परवाची. मी नाही लिहिलेली. वाचते मी. — आधी त्यानं लिहिलंय, माल तयार आहे, भेटीची वाट बघतोय, आणि शेवटी — तुमच्या आईचा गुडघा आता कसा आहे? खाली नाव, हर्षल. माझं वाक्य आहे हो हे. शब्द न् शब्द माझा. जुनं पत्र काढून उतरवलंय. आणि हे खाली साहेबांचं — काय म्हणतात — प्रिय हर्षल, म्हणजे इतकी वर्षं पत्रं लिहिणारा तूच होतास तर, तुझ्या मेहुण्यांनी कळवलं. माझी आई नेहमी विचारते, तो भला माणूस कसा आहे, जो दर वेळी माझी चौकशी करतो. मुंबईच्या हॉटेलात आपण जेवायला भेटू तेव्हा —

पाणी आहे का तिथं? तो तांब्या द्या जरा.

पोर्टावर कंटेनर अडलाय म्हणे. सकाळी दोघांच्या शर्टांना इस्त्री मी केली. हर्षल म्हणाला, ताई, कॉलर जरा कडक कर. केली की! आता पुढचे सगळे हंगाम साहेबांशी तोच बोलणार, तोच लिहिणार, आणि मी बायकांबरोबर घड साफ करायचे. ह्यांचं एक वेळ समजून घेतलं असतं — पाहुण्यासमोर इंग्रजी बोलणारा पुरुषमाणूस पाहिजे, लोकांत बरं दिसतं. मला सांगितलं असतं तर मीच म्हटलं असतं, घेऊन जा त्याला. खरंच म्हटलं असतं. पण हर्षल? माझ्या पाठचा? मी रोज त्याच्यासमोर डोळ्यांत पाणी आणून विचारतेय, अरे, साहेब का लिहीत नसतील? आणि ह्याच्या खिशात तेच वाजतंय. समोर बसून चहा पितोय, आणि खिशात वाजतंय! लय लागलं हो हे. बोलू नये परक्या माणसाजवळ, पण लय लागलं. तुम्हाला सांगते दादा, तो मोबाईल कमरेला थरथरला ना, की मला वाटायचं मला कुणीतरी हाक मारली. वहिनी नाही, सूनबाई नाही — मला. हाक ह्यांच्या नावानं असायची, पण उत्तर द्यायला मी होते. हे मी कुणाला बोलले नव्हते.

काय म्हणता? माझा नंबर परत टाकू? टाका — नको, थांबा. त्यांना कळेल, परत काढतील. परत म्हणतील, नेटवर्क असेल. पासवर्ड बदलायचा? बदलून काय, उद्या समोर उभे राहून मागतील, आणि मी देईन. देतेच मी. राहू द्या तसंच. तुम्ही ते नेट बंद करा आधी, फोनची लाइन अडकून पडलीय कधीची.

बघा, बंद केलं नाही तोच वाजला. थांबा, मी घेते.

हॅलो. — हो, मीच. — लाइन बिझी होती. — काम चाललं होतं. — इतकं हळू का बोलताय? — हॉटेलच्या बाहेर येऊन? तुम्ही तर पोर्टावर गेला होता ना? — बरं, ते घरी आल्यावर सांगा. काय विचारतायत साहेब? — खराब निघालेल्या मालाचं मागच्या हंगामात पत्रात काय ठरलं होतं? — हो, लक्षात आहे की. सगळं लक्षात आहे माझ्या. — साहेब टेबलाशी थांबलेत? मग थांबू द्या. — नाही, सांगत नाही. — ओरडू नका, आत ऐकू जाईल. — सगळी पत्रं हर्षलनंच लिहिलीत ना? मग तो तिथंच बसलाय. त्याला विचारा.

—वाजू द्या. नाही, तुम्ही नका उचलू. वाजू द्या म्हटलं ना, दादा. त्यांना दुसरा कुणी नाही विचारायला, ते करत राहणार. — आणखी काय बघायचं राहिलंय? काही नाही ना? मग या तुम्ही. दार तेवढं ओढून घ्या.