टिप्या दगडूबाला चावला तेव्हा

देवानं मला सून बराबर दिली, हे टिप्या चावल्यावर कळलं बघा. टिप्या म्हंजे अंबडच्या बसस्टँडवरचं, लोकांचा लई मार खाल्लेलं कुत्रं. मनीषानं, माझ्या सुनंनं, त्याला घरी आणल्तं. कुणी हात उचलला की त्ये अंगावर जायचं. शेजारच्या दगडूबानं आमच्या फाटकात उभं राहून खांद्यावरचा पंचा झटकला, आन् टिप्यानं पोटरीच धरली!

"सोडून या त्याला रानात!" दगडूबा वरडला आन् जखमंत तिखट भराया निघाला. मनीषानं त्याचा हात धरला.

"मामा, कुत्रं माझं, चूकबी माझीच. मीच बांधायला पाहिजे होतं. बसा स्कुटीवर."

दर इंजेक्शनाला तिनंच नेलं, तिनंच आणलं. जखम भरंना, म्हणून डॉक्टरनं रक्त तपासलं, तर शुगर ही एवढी वाढलेली! येळेवर कळलं, न्हाईतर पाय गेल्ता.

एक दिवस दगडूबाची बायको कौसा आली. मला वाटलं, आता भांडती, कुत्रं घालवायला लावती. तर हातात टिप्यासाठी दूधभाकर!

म्हणली, "माय, दवाखान्यात चला म्हणून जलमभर बोंबलले, मालक हलले न्हाईत. तुमच्या टिप्यानं एका चाव्यात नेलं!"