दिनकरची पांढरी मूस

आमच्या दिनकरचं नाव काढू नका, अजून डोकं फिरतं माझं. माझा सख्खा आतेभाऊ. मी विट्यात वडलांच्या, म्हणजे आबांच्या हाताखाली भट्टीवर सोनं गाळत बसलो, आणि हा बेंगलोरला लॅबमध्ये, कसल्याही आगीत न वितळणारी माती शोधायला.

आणीबाणीच्या आदल्या दिवाळीला तो स्वतः बनवलेली मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, घेऊन आला.

"मामा, ही दोन हजार डिग्री सोसते."

आबांनी ती दोन्ही हातांत धरली. माझं काही त्यांनी असं कधी धरलं नव्हतं. मग ते सांडशी आणायला आत गेले.

नवी मूस आधी भट्टीच्या काठावर शेकावी लागते. लॅबची भट्टी सावकाश तापणारी, दिनकरला हे कुठून ठाऊक! त्यानं विचारलं, "थेट निखाऱ्यात ठेवू?"

मी म्हणालो, "ठेव की!"

फाडकन आवाज झाला. मुशीचे दोन तुकडे! मी आतून लय खूश.

आबा धावत आले. दिनकरनं न लाजता वही काढली. "मामा, तुमी कसं करता?"

आबा मांडी घालून सगळं सांगायला लागले. मूस बोटानं वाजवून आतली चीर कशी ओळखायची, तेसुद्धा! मला राहवेना.

"आबा, धा वर्सं राबतोय मी. हे मला कवा सांगितलं न्हाई ते?"

आबांनी तुकडे उचलले. "मूस शेकायची तुला ठावं हुतं. तू ह्याला सांगितलंस व्हय रं?"