काखेतली गाठ

चौसष्ट साली दारव्ह्याच्या दवाखान्यात, रांगेत माझ्यापुढं पंचफुला लेकराला कडेवर घेऊन उभी होती. समोर नर्सबाई.

"बाई, सुई टोचली तिथं सुजलं, अन् आता काखेत गाठ आली. माह्या थोरल्या पोरीचा, इंदूचा गळा असाच सुजलता. गेल्या साली गेली ते."

"तिले घटसर्प झालता. ही गाठ त्याच रोगाच्या लसीची आहे, उतरून जाईन."

"सुई दंडात, मंग गाठ काखेत कायले?"

"लसीत तुरटीसारखं औषध असते. त्यानं टोचल्या जागची खबर काखेतल्या गाठीले पोचते. तिथं अंग रोगाशी लढाची तयारी करते, म्हणून ते सुजते."

"म्हणजे अंगाले आधीच सांगून ठेवते."

"हो."

"इंदूले काहून नाही टोचली?"

"तवा ही लस इकडं आलीच नव्हती."

"मंग माह्या पोरीच्या अंगाले कोणी सांगतलंच नाही."

पंचफुलानं लेकराची बाही हळूच खाली केली.